पुरंदरची बँक आणि लंडनची पार्लमेंट

(छत्रपती संभाजीनगर येथे जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत वैजापूरकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने उभे राहून प्रश्न विचारला होता. "भाऊ, आपला एक माणूस तिकडं पार्लमेंटात गेला, शिकलेला, खरं बोलणारा, कुणाला न विकला जाणारा, तर आमचं कर्ज फिटंल का?" आम्ही त्या दिवशी काहीतरी उत्तर दिले. सभेत टाळ्याही पडल्या. पण घरी जाताना आमचे आम्हालाच कळत होते की ते गोलमाल उत्तर होते. प्रश्न सरळ होता, उत्तर वाकडे होते. म्हणून आज त्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायचे ठरवून आलो आहोत. त्यासाठी एका माणसाची हकिगत सांगायची आहे. माणूस आपल्यातला नाही, गोरा साहेब आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी तो लंडनच्या पार्लमेंटचा सभासद होता. शिकलेला होता, खरे बोलणारा होता, आणि त्याला कुणी विकत घेऊ शकत नव्हते. तो तिथे कोणासाठी भांडत होता? आपल्याच दख्खनच्या कर्जबाजारी कुणब्यासाठी.

त्याचे नाव सर विल्यम वेडरबर्न.

कारकुनीतून दिसलेला शेतकरी

वेडरबर्नचा जन्म १८३८ सालचा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरोचा. बाप मुंबई इलाख्यात सनदी नोकर. थोरला भाऊही हिंदुस्थानात नोकरीला होता, तो १८५७ च्या उठावात हिस्सारला बायकोमुलासह मारला गेला. असे घर. अशा घरातला धाकटा मुलगा हिंदुस्थानच्या माणसावर दात धरून आला असता तर नवल नव्हते. पण १८६० मध्ये सनदी परीक्षा देऊन आलेला हा बावीस वर्षांचा पोरगा धारवाडला असिस्टंट कलेक्टर म्हणून रुजू झाला आणि लोकांचे ऐकायला शिकला. धारवाड म्हणजे कापसाचा मुलूख. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा बंद झाला आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला.

ती तेजी चार वर्षे टिकली. १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले आणि भाव कोसळला. तुम्हाला हे वेगळे सांगायला नको. तेजीत घेतलेले कर्ज मंदीत फेडायचे म्हणजे काय, हे या मंडपातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण त्या वेळी आणखी एक गोष्ट झाली. साऱ्याच्या फेरआकारणीचे दिवस नेमके तेव्हाच आले. साहेबांनी तेजीतले भाव बघितले आणि सारा वाढवला. सारा वाढला आणि भाव पडला, अशा दोन दगडांत कुणबी सापडला.

सारा रोख भरायचा, ठरल्या तारखेला भरायचा. पीक घरात येवो न येवो, विको न विको, तारीख चुकत नसे. मग सावकाराशिवाय दार कोणते? सावकार कागद लिहून घेई, कुणबी अंगठा उठवी. कागदावर काय लिहिले ते वाचता कुणाला येत होते? कोर्टात दावा गेला की कुणबी हजरच राहत नसे, एकतर्फी हुकूमनामा होई, आणि जमीन, बैल, घर जप्तीत जाई.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले. सावकारांची दुकाने आणि घरे गाठली. तिथून वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव गेला. लोकांनी माणसे फारशी मारली नाहीत. मागितले ते कागद, आणि जाळले तेही कागदच. आपले कशामुळे मरण ओढवले ते त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना बरोबर ठाऊक होते. सरकारने चौकशी नेमली, आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. न्यायाधीशाने नुसता कागद पाहायचा नाही, कागदाच्या मागे जाऊन खरे मूळ किती, व्याज किती, हे तपासायचे, असा त्या कायद्याचा गाभा होता.

कायदा चांगला होता. पण एक झाले. कागदावर भरवसा राहिला नाही म्हणताच सावकाराने हात आखडता घेतला. बी घ्यायला पैसा कुठून आणायचा? सारा कशाने भरायचा? जुनी विहीर बुजवली आणि नवी खोदलीच नाही, अशी गत झाली.

वेडरबर्न हा तोवर न्यायखात्यात गेलेला होता, आणि १८८२ मध्ये तो पुण्याचा जिल्हा न्यायाधीश झाला. त्याच्यापुढे असेच दावे येत. त्याच काळात महादेव गोविंद रानडे याच कायद्याखाली न्यायाचे काम पाहत होते, आणि जोतीराव फुले पुण्यातच बसून १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. तीन माणसे, तीन जागा, पण तिघांच्या डोळ्यांपुढे शेतकरी एकच.

पुरंदरची योजना

वेडरबर्न आणि रानडे यांनी मिळून एक योजना मांडली. आजही ती ऐकण्यासारखी आहे.

पुणे जिल्ह्यातला पुरंदर तालुका प्रयोगासाठी घ्यायचा. पहिली पायरी अशी, की तालुक्यातल्या शेतकऱ्यांची जुनी कर्जे तपासायची, त्यांतले खोटे आणि फुगवलेले छाटायचे, आणि खरे राहील ते सरकारने पैसा पुरवून मिटवायचे. दुसरी पायरी म्हणजे शेतकी बँक. पुण्याच्या पैसेवाल्यांनी भांडवल घालायचे आणि त्या मोकळ्या झालेल्या शेतकऱ्याला बँकेने माफक व्याजाने कर्ज द्यायचे. वसुली सरकारी यंत्रणेतून, म्हणजे कोर्टकचेरीचा खर्च शेतकऱ्याच्या बोडक्यावर नाही. जर्मनीत रायफायझन नावाच्या माणसाने गावोगाव पतपेढ्या काढून शेतकऱ्यांना सावकाराच्या दाढेतून सोडवले होते, ते उदाहरण यांच्यापुढे होते.

क्रम लक्षात घ्या. आधी जुने मिटवायचे, मग नवे द्यायचे. नुसते जुने मिटवून भागत नाही आणि नुसते नवे देऊनही भागत नाही. आपल्याकडे २००८ मध्ये कर्जमाफी झाली, २०१७ मध्ये झाली, २०१९ मध्ये झाली. तिन्ही वेळा जुने अर्धेमुर्धे मिटले, आणि पुढच्या हंगामाला शेतकरी पुन्हा त्याच दारात उभा राहिला. एकशेचाळीस वर्षांपूर्वी एका न्यायाधीशाला जे कळले होते, ते आपल्या राज्यकर्त्यांना तीन-तीन वेळा करूनही कळले नाही.

योजना कलकत्त्याला गेली. तिथे लॉर्ड रिपन व्हाइसरॉय होता आणि एव्हलिन बेअरिंग हा खजिन्याचा मंत्री होता. दोघांना योजना पटली. १८८४ मध्ये हिंदुस्थान सरकारने ती शिफारस करून लंडनला पाठवली. लंडनला भारतमंत्र्याची कचेरी. तिथे योजना पडून राहिली, शंका निघाल्या, आणि शेवटी ती मोडीत निघाली. पुरंदरमध्ये बँक निघाली नाही.

गंमत पाहा. हाच बेअरिंग पुढे लॉर्ड क्रोमर होऊन इजिप्तचा कारभारी झाला, आणि १९०२ मध्ये त्याच्याच कारकिर्दीत इजिप्तमध्ये शेतकी बँक निघाली. इजिप्तचा कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला जे मिळाले, ते पुरंदरच्या कुणब्याला मिळाले नाही.

आमदनी सोडून पार्लमेंटात

१८८७ मध्ये वेडरबर्न निवृत्त झाला. मुंबई सरकारच्या मुख्य सचिवाच्या जागेपर्यंत पोचला होता. घरचा बॅरोनेट, पेन्शन चालू. विलायतेत जाऊन बागेत गुलाब लावत बसला असता तर कुणी नाव ठेवले नसते. पण पुरंदरची फाइल त्याच्या मनातून गेली नव्हती. पुण्याच्या शेतकऱ्याचा निकाल लंडनच्या टेबलावर लागतो हे त्याने पाहिले होते. तेव्हा भांडायचे तर लंडनलाच भांडले पाहिजे, असे त्याने ठरवले.

१८८९ मध्ये मुंबईला काँग्रेसचे पाचवे अधिवेशन भरले, त्याचा तो अध्यक्ष झाला. त्याच वर्षी लंडनमध्ये काँग्रेसची ब्रिटिश कमिटी उभी राहिली, तीही त्याच्याच नेतृत्वाखाली. पुढे 'इंडिया' नावाचे पत्र निघाले. या कामात त्याने स्वतःच्या खिशातले पैसे घातले. १८९२ मध्ये आपले दादाभाई नौरोजी लंडनच्या फिन्सबरी मतदारसंघातून अवघ्या ५ मतांनी निवडून आले. आणि १८९३ मध्ये वेडरबर्न स्कॉटलंडच्या बॅन्फशायरमधून लिबरल पक्षाचा खासदार झाला. बॅन्फशायर म्हणजे समुद्रकाठचे कोळी आणि गुरेढोरे पाळणारे शेतकरी. त्यांनी मते दिली, आणि त्यांच्या मतांवर बसून हा माणूस पुण्या-नगरचे गाऱ्हाणे मांडू लागला. त्या काळी खासदाराला पगार नव्हता. तो १९११ मध्ये सुरू झाला. म्हणजे हे सगळे पदरमोड करून.

सात वर्षे तो खासदार होता, १८९३ ते १९००. त्या सात वर्षांत काय केले आणि काय झाले, ते आपण शेतकऱ्याच्या पद्धतीने, जमाखर्च मांडून पाहू.

जमाखर्च

पहिली बाब. त्याने आणि दादाभाईंनी १८९३ मध्ये हिंदुस्थानच्या प्रश्नात लक्ष घालणाऱ्या खासदारांची एक समिती उभी केली. दीडशेच्या आसपास खासदारांनी नावे दिली. ऐकायला केवढा आकडा! पण हिंदुस्थानचे अंदाजपत्रक चर्चेला येई ते अधिवेशनाच्या अगदी शेवटी, आणि तेव्हा बाके रिकामी असत. नाव देणे वेगळे, बसणे वेगळे. आपल्याकडेही मोर्चाच्या पत्रकावर सही करणारे किती आणि उन्हात चालणारे किती, हे आपण पाहतोच.

दुसरी बाब. १८९३ च्या जूनमध्ये पार्लमेंटने ठराव केला की सनदी नोकरीची परीक्षा लंडनसारखीच हिंदुस्थानातही घ्यावी. ठराव मंजूर झाला. सरकारने तो बाजूला ठेवला. अंमल झाला नाही. पार्लमेंटचा ठरावसुद्धा सरकारच्या मनात नसेल तर कागदच राहतो.

तिसरी बाब आपल्या कापसाची आहे, ती नीट ऐका. १८९४ मध्ये हिंदुस्थान सरकारचा खजिना रिता झाला म्हणून आयात मालावर ५ टक्के जकात बसवली. विलायती कापडालाही ती लागू करायची वेळ आली. लँकेशायरचे गिरणीवाले उठले. त्यांचे खासदार पार्लमेंटात बसलेले होते. त्यांच्या मागे गिरणीमालक होते आणि गिरणीकामगारांची हजारो मते होती. १८९६ मध्ये सरकार नमले. विलायती कापडावरची जकात साडेतीन टक्क्यांवर आणली, आणि एवढ्यावर न थांबता हिंदुस्थानच्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के कर बसवला. का? तर लँकेशायरला स्पर्धा नको. जो गिरणीवाला आपल्याकडचा कापूस घेत होता, त्याच्या मालावर कर बसला; त्याचा भार शेवटी कापसाच्या भावावर येणार हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. हा कर पुढे जवळजवळ तीस वर्षे चालला. १९२५ च्या डिसेंबरात त्याची वसुली थांबली.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहा. एकीकडे वेडरबर्न. त्याचे म्हणणे खरे होते, आकडे खरे होते, नियत साफ होती. दुसरीकडे लँकेशायरचे खासदार. त्यांचे म्हणणे स्वार्थाचे होते. जिंकले कोण?

चौथी बाब. १८९५ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची तपासणी करायला राजाचे कमिशन नेमले गेले. त्याला वेल्बी कमिशन म्हणतात. त्यात वेडरबर्न, दादाभाई आणि केन असे तिघे आपल्या बाजूचे. १८९७ मध्ये त्यांनी इथून साक्षीदार बोलावले. गोपाळ कृष्ण गोखले, दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, सुब्रह्मण्य अय्यर लंडनला गेले. १९०० मध्ये अहवाल निघाला. या तिघांना वेगळा निवाडा लिहावा लागला, कारण बाकीचे सगळे एका बाजूला होते. पुन्हा अल्पमत.

पाचवी बाब सर्वांत महत्त्वाची. १८९६-९७ चा दुष्काळ पडला आणि त्याच्या पाठोपाठ १८९९-१९०० चा. माणसे आणि गुरे पाचोळ्यासारखी गेली. सरकार म्हणत होते, पाऊस पडला नाही. वेडरबर्न म्हणत होता, पाऊस पूर्वीही पडत नसे. पण पूर्वी एक वर्ष पाऊस गेला तर घरात धान्य असे, आता ते का नाही, हे बघा. त्यासाठी त्याने एक साधी मागणी केली. नमुन्याची काही गावे घ्या. त्यांतल्या घराघरात जा. जमीन किती, पिकले किती, सारा किती, कर्ज किती, व्याज किती, पोटाला उरते किती, हे लिहून काढा. खासदारकी सुटल्यावरही १९०१ मध्ये त्याने दुष्काळनिवारणासाठी संघटना काढून हीच मागणी पुढे रेटली. सरकारने ही चौकशी केली नाही. ज्याला हिशेब द्यायचा असतो तो हिशेबाला भीत नाही. ज्याला भीती वाटते तो हिशेबच होऊ देत नाही.

१९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. पुरंदरच्या योजनेचे बी वीस वर्षांनी उगवले म्हणायचे. पण उगवलेले झाड त्याने पेरलेले नव्हते. जुने कर्ज आधी मिटवायचे, ही पहिली पायरी गाळली गेली. वर सरकारी निबंधकाचा दांडा आला. त्या दांड्याखाली आपली गावची सोसायटी आजही आहे. १९१० मध्ये वेडरबर्न पुन्हा अलाहाबादच्या काँग्रेसचा अध्यक्ष झाला, आणि २५ जानेवारी १९१८ रोजी विलायतेत वारला.

आपला मराठवाडा कुठे होता?

तुम्ही म्हणाल, पुणे-नगरची गोष्ट सांगितली, आमचे काय? आमचे तर त्या पार्लमेंटात नावसुद्धा नव्हते. गोदावरीच्या पलीकडे नगर जिल्हा, तो इंग्रजांचा. अलीकडे वैजापूर, गंगापूर, पैठण, हे निजामाचे. १८७९ चा कायदा नदी ओलांडून आला नाही. वऱ्हाड तर इंग्रजांनी १८५३ मध्येच फौजेच्या कर्जापोटी निजामाकडून काढून घेतले होते; एक अख्खा कापसाचा मुलूख कर्जात गेला, असे दुसरे उदाहरण कुठे सापडेल? १९०० च्या सुमाराला मनमाडहून रेल्वे औरंगाबादेत आली आणि आपला कापूस मुंबईच्या बंदराला जोडला गेला. राज्य निजामाचे, पण भाव लिव्हरपूलचा. भावाला सरहद्द नसते. गाऱ्हाणे सांगायला मात्र सरहद्द आडवी आली. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो, आणि १९५२ मध्ये इथल्या माणसाने पार्लमेंटसाठी पहिले मत टाकले.

म्हणजे वेडरबर्नपाशी जे नव्हते ते आपल्यापाशी आहे. त्याच्यामागे बॅन्फशायरचे कोळी होते, पुरंदरचा शेतकरी नव्हता. पुरंदरच्या शेतकऱ्याला मतच नव्हते. वेडरबर्न हरला तरी लंडनमध्ये एकाही माणसाची खुर्ची हलत नव्हती. आपल्याला मत आहे. मग आपल्या कापसाचे काय होते?

२०२५ च्या हंगामाचे पाहा. केंद्र सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये क्विंटलचा हमीभाव जाहीर केला. आणि पीक शेतात उभे असताना, ऑगस्टमध्ये, परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढून टाकले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवले. नेमकी आपल्या पहिल्या-दुसऱ्या वेचणीची वेळ. मागणी कोणाची होती? कापड धंद्याची. १८९६ ला लँकेशायर होते, आता लँकेशायर देशातच आहे. शेतकरी लाखोंनी मते देतो, पण कापसाच्या नावाने देत नाही. जातीच्या नावाने देतो, तालुक्याच्या नावाने देतो, रात्रीच्या पाकिटाच्या नावाने देतो. गिरणीवाला मात्र एकच गोष्ट लक्षात ठेवतो.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये हातकणंगल्याचे खासदार राजू शेट्टी यांनी कर्जमुक्तीचे आणि हमीभावाच्या हक्काचे अशी दोन खाजगी विधेयके लोकसभेत मांडली. ती पुढे गेली नाहीत. खाजगी विधेयक मंजूर होऊन कायदा झाल्याचे शेवटचे उदाहरण १९७० चे आहे. स्वातंत्र्यापासून अशी अवघी १४ विधेयके मंजूर झाली. एकटा माणूस विधेयक मांडू शकतो, मंजूर करून घेऊ शकत नाही. वेडरबर्नला हेच भोवले.

चूक कुठे झाली

आम्ही शेतीची पदवी घेतली तेव्हा आम्हालाही वाटत होते की शेतकऱ्याचे दैन्य हे माहितीच्या अभावी आहे. वाण सुधारा, खत वेळेवर द्या, बोंडअळीचे नियंत्रण करा, बांधबंदिस्ती करा, आणि शेतकरी वर येईल. आम्ही गावोगाव जाऊन तेच सांगत होतो. उतारा वाढला आणि कर्जही वाढले. एका गावात मार्चअखेर आम्ही स्वतः पाहिले. व्याजाची सवलत मिळवायची तर मुदतीत भरणा हवा, म्हणून शेतकरी खाजगी माणसाकडून आठ दिवसांसाठी पैसे उचलत होते, सोसायटीत भरत होते, आणि नवे कर्ज उचलून ते खाजगी देणे भागवत होते. तुम्ही याला नवं-जुनं म्हणता. आठ दिवसांचे व्याज वर्षाच्या सवलतीला खाऊन टाकत होते. कागदावर मात्र वसुली शंभर टक्के. त्या दिवशी आम्हाला सुप्याचा कुणबी आठवला. त्याला साऱ्याची तारीख होती, याला मार्चअखेरची. कागद बदलला, अंगठ्याची सही झाली, तारीख तशीच राहिली.

वेडरबर्नची चूक आमच्यासारखीच होती. त्याला प्रामाणिकपणे वाटत होते की विलायतेतल्या लोकांना इथले हाल माहीत नाहीत. माहीत झाले की ते सुधारतील. म्हणून तो आयुष्यभर माहिती पुरवत राहिला. पण तिथे माहितीची टंचाई नव्हती. तिथे हितसंबंध होता. हितसंबंधाला माहितीने हलवता येत नाही, त्याला दुसरा तितकाच वजनदार हितसंबंध समोर उभा करावा लागतो.

मग त्याचे आयुष्य वाया गेले का? नाही. आपण धूळपेरणी करतो. कोरड्या मातीत बी टाकतो, पावसाच्या भरवशावर. पाऊस आला तर ते बी सर्वांच्या आधी उगवते. पण पाऊसच आला नाही तर चूक बियाण्याची नसते. वेडरबर्न हे चांगले बी होते. ओल नव्हती. ओल म्हणजे तुम्ही.

गावाच्या हिशेबाची त्याची मागणी तर आजही तशीच उभी आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा घरोघरचा हिशेब मांडून १९१७ मध्ये पुस्तक काढले. गावातल्या बहुतेक घरांचे नुसत्या शेतीवर भागत नाही, हे त्यात लिहून ठेवले आहे. सरकारने नाही केले, एका शेतीतज्ज्ञाने केले. आम्हीही शेतीची पदवी घेतलेले आहोत, हे काम आमचेच आहे. पण ते तुमच्याशिवाय होणार नाही.

या हंगामात काय करायचे

भाषण ऐकून घरी जायचे आणि झोपायचे, यासाठी ही बैठक नाही. तीन कामे सांगतो.

एक. प्रत्येक गावातली दहा घरे निवडा. थोरल्याची दोन, मधल्यांची चार, अल्पभूधारकाची चार. कापूस आणि ज्वारी, दोन्हींचा एकरी हिशेब लिहा. नांगरट, पाळी, बियाणे, खत, फवारणी, खुरपणी, वेचणी, गाडीभाडे, मोंढ्यातली कपात. घरच्या बाईने केलेली खुरपणी आणि वेचणी हीही मजुरीच आहे, ती धरा. ती धरली नाही तर हिशेब खोटा. मग माल कोणत्या तारखेला, कोणत्या भावाने, कोणाला विकला ते लिहा. कर्जाचे मूळ, व्याज आणि नवं-जुनं करायला लागलेला खर्च वेगळा लिहा. नाव लिहू नका, घराला नंबर द्या. कुणाची अब्रू चव्हाट्यावर आणायची नाही.

दोन. सगळ्या तालुक्यांचे हिशेब जिल्ह्याला गोळा करू आणि संसदेच्या अधिवेशनाआधी आपल्या खासदाराच्या हातात देऊ. त्यातून लेखी प्रश्न विचारायला लावू. खासदाराने लेखी प्रश्न विचारला की सरकारला लेखी उत्तर द्यावे लागते. आयातशुल्क काढण्यापूर्वी कापूस उत्पादकाचा खर्च विचारात घेतला का, एवढाच एक प्रश्न असला तरी पुरे.

तीन. एक नोंदवही ठेवा. आपल्या खासदाराने कापसावर, ज्वारीवर, कर्जावर काय विचारले, कधी बोलला, मतदानाच्या वेळी कुठे होता, हे त्यात लिहा. पाच वर्षांनी तो गावात आला की हार घालण्याआधी ती वही त्याच्यापुढे उघडा. आमचा माणूस असो की त्यांचा, वही सगळ्यांना एकच.

वैजापूरच्या बाबांना आता उत्तर देतो. बाबा, एक चांगला माणूस पार्लमेंटात गेला म्हणून कर्ज फिटत नाही. वेडरबर्नपेक्षा चांगला माणूस आपण कुठून आणणार? पण त्याच्या मागे दहा हजार घरांचा खरा हिशेब आणि त्या हिशेबावर टाकलेली मते उभी असली, तर साधारण माणूससुद्धा काम करून दाखवील. नाही केले तर पुढच्या वेळी घरी बसेल. लँकेशायरवाल्यांना हे उमगले होते. आपल्याला उमगायला सव्वाशे वर्षे लागली, तेवढी पुरे झाली.

दाराशी वह्या ठेवल्या आहेत. प्रत्येक गावाने एक घेऊन जावी, आणि ज्वारीची रास व्हायच्या आत भरून आणावी.